जुना ईमेल म्हणजे घरचं दप्तर: काय ठेवायचं, काय पुसायचं आणि चावी कुणाकडे?

कोथरूड (पुणे): पौड, पिरंगुट, भूगाव करत चांदणी चौक ओलांडला की कोथरूड येतं. मुळशी तालुक्यातल्या कित्येक घरांतली मुलं शिकायला आणि कामाला इथंच येतात. कुणी कॉलेजला, कुणी क्लासला, तर कुणाची नोकरी पिरंगुटच्या कंपनीत आणि खोली कोथरूडला. यातल्या अनेकांचा पहिला ईमेल प्रवेशाचा फॉर्म भरताना निघालेला असतो. फॉर्म भरणाऱ्या दुकानदारानेच आयडी काढून दिला, पासवर्ड चिटोऱ्यावर लिहिला, मोबाईल नंबर हाताशी होता तो टाकला. फॉर्म भरून झाला, काम संपलं आणि चिटोरं कुठंतरी गेलं.

पुढं दहा वर्षांनी पहिल्या कंपनीचं नेमणूक पत्र लागतं. पीएफच्या नोंदीत नाव चुकलेलं असतं, विम्याची पावती हवी असते, नाहीतर खोलीच्या डिपॉझिटवरून वाद होतो. कागद घरात नसतो. तो असतो त्या जुन्या ईमेलमध्ये. आणि तो ईमेल उघडत नाही.

गावाकडं सातबारा, फेरफार, खरेदीखत, पावत्या यांचं दप्तर असतं. फडक्यात बांधून कपाटात ठेवलेलं. घरातल्या एकाला तरी त्यात काय आहे हे ठाऊक असतं. ईमेल हे तसंच दप्तर आहे, फक्त ते कुणी बांधलेलं नाही. त्यात लग्नपत्रिका, दुकानाच्या जाहिराती आणि नेमणूक पत्र एकाच ढिगात पडलेलं आहे. हा ढीग लावायचा कसा, त्याची ही माहिती. बहुतेक फोनमध्ये जीमेल असतं म्हणून पायऱ्या जीमेलच्या दिल्या आहेत. याहू, आऊटलुक किंवा रेडिफमेल असेल तरी कामाचा क्रम हाच.

डबा भरतो कसा?

आपल्याकडं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. पुढच्याच वर्षी सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल ही मोफत सेवा काढली. त्या काळात मोफत खात्याला जागा अगदी थोडी, मोजक्या एमबीची. जुने मेल पुसल्याशिवाय नवे येत नसत, त्यामुळं लोक पुसत.

१ एप्रिल २००४ रोजी जीमेल आलं आणि एकदम १ जीबी जागा मोफत मिळाली. तेव्हापासून पुसायची सवयच गेली. आज गुगलच्या एका खात्याला १५ जीबी जागा मोफत आहे. पण ती फक्त ईमेलची नाही. जीमेल, गुगल ड्राइव्ह आणि गुगल फोटो या तिघांत ती वाटलेली आहे. १ जून २०२१ पासून गुगल फोटोत जाणारे नवे फोटो आणि व्हिडिओही या १५ जीबीत मोजले जातात. म्हणजे शेतातले, लग्नातले फोटो आपोआप बॅकअप होत राहिले की ईमेलची जागा खाल्ली जाते.

जागा पूर्ण भरली की नवा मेल येत नाही, पाठवणाऱ्याकडं परत जातो. मुलाखतीचं पत्र किंवा प्रवेशाची सूचना असली तरी जातो. आपल्याला मात्र मेल आलाच नाही असं वाटत राहतं.

किती जागा वापरली हे बघायला जीमेल अ‍ॅप उघडा आणि वर उजव्या कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर किंवा अक्षरावर बोट ठेवा. तिथं १५ जीबीपैकी किती भरली ते दिसतं.

पहिलं काम: चावी आपल्याकडं आहे का?

ढीग लावायच्या आधी दाराची चावी तपासायची. त्यात चार गोष्टी बघा.

१. मोबाईल नंबर. खात्याला जोडलेला नंबर आज चालू आहे का? अनेकांचा नंबर कॉलेजच्या वेळचा असतो. बंद पडलेला नंबर किमान ९० दिवस बाजूला ठेवून कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. मग तुमचा ओटीपी तिसऱ्याच माणसाच्या फोनवर जातो. 'गुगल अकाउंट'मध्ये 'सिक्युरिटी' या भागात जाऊन आजचा नंबर टाका.

२. दुसरा ईमेल. खातं अडकलं तर सोडवण्यासाठी गुगल दुसरा ईमेल विचारतं. तो घरातल्या विश्वासाच्या माणसाचा असावा. फॉर्म भरणाऱ्या दुकानदाराचा ईमेल तिथं असेल तर आजच काढा.

३. बॅकअप कोड. टू-स्टेप पडताळणी सुरू केली की गुगल आठ आकडी दहा कोड देतं. फोन हरवला, सिम बंद पडलं तरी या कोडने खातं उघडतं. एक कोड एकदाच चालतो. ते कागदावर लिहून घरच्या दप्तरात, सातबाऱ्याशेजारी ठेवा. फोनमध्येच ठेवले तर फोनबरोबर तेही जातील.

४. कुठं कुठं लॉगिन आहे? 'सिक्युरिटी'मध्येच 'युअर डिव्हाइसेस' असतं. जुना विकलेला फोन, नेट कॅफेचा संगणक, मित्राचा लॅपटॉप यापैकी काही दिसलं तर त्यावर बोट ठेवून 'साइन आऊट' करा.

खातं उघडतच नसेल तर गुगलच्या 'अकाउंट रिकव्हरी' पानावरून प्रयत्न करा. हा प्रयत्न पूर्वी ज्या फोनवर ते खातं वापरत होतात त्याच फोनवरून आणि नेहमीच्या ठिकाणाहून केला तर यश यायची शक्यता जास्त. 'पैसे द्या, खातं उघडून देतो' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. तसा अधिकार बाहेरच्या कुणालाही नसतो.

आणि घाई कशासाठी? मे २०२३ मध्ये गुगलने नियम जाहीर केला: वैयक्तिक खातं सलग दोन वर्षं वापरलंच नाही तर ते आतल्या सगळ्या मजकुरासह काढून टाकलं जाऊ शकतं. ही कारवाई डिसेंबर २०२३ पासून सुरू झाली. याहूची मुदत तर बारा महिन्यांचीच आहे. खातं जिवंत ठेवणं मात्र सोपं आहे. अधूनमधून त्या खात्यात लॉगिन करून एखादा मेल वाचला तरी पुरतं. जुनं, न वापरलेलं खातं असेल तर कॅलेंडरवर दिवाळी आणि गुढीपाडव्याला खूण करा. वर्षातून दोनदा उघडलं की काम झालं.

दुसरं काम: पुसायच्या आधी वाचा

बहुतेक जण इथंच चुकतात. जागा भरल्याची सूचना आली की दिसेल ते निवडून पुसतात, आणि जाहिरातीबरोबर नेमणूक पत्रही जातं. आधी ढिगात काय आहे याचा अंदाज घ्यायचा.

ईमेलच्या इतिहासावरून माणसाच्या आयुष्याचा किती माग लागतो, यावर जगात बरंच काम झालंय. २०१३ मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये (ही अमेरिकेतली एमआयटी, कोथरूडची नव्हे) दीपक जगदीश, डॅनियल स्मिल्कोव्ह आणि सेझर हिदाल्गो यांनी 'इमर्शन' नावाचं साधन केलं. ते मेलचा मजकूर वाचतच नव्हतं. कुणी पाठवला, कुणाला पाठवला, प्रत कुणाला गेली आणि कधी, एवढंच बघायचं. तेवढ्यावरून माणसाचं नात्यागोत्याचं, कामाचं सगळं जाळं चित्रासारखं समोर यायचं. कॉलेजचे मित्र कधी मागं पडले, नोकरी कधी बदलली, हे त्यात दिसायचं. त्याआधी स्टॅनफर्ड विद्यापीठात सुधींद्र हंगल आणि सहकाऱ्यांनी 'म्यूज' नावाचा प्रोग्रॅम केला होता. जुन्या मेलच्या ढिगातून आठवणी आणि विषय वेगळे काढून दाखवणं हे त्याचं काम.

हाच हिशेब घरी वही-पेनानेही होतो. त्यासाठी नवं अ‍ॅप टाकू नका. 'तुमचा मेल साफ करून देतो' म्हणणारी अनेक अ‍ॅप सगळा मेल वाचायची परवानगी मागतात. दप्तर लावायला अनोळखी माणसाला घरात घेण्यासारखंच ते.

करायचं असं:

जीमेल अ‍ॅपमध्ये वरच्या शोधपट्टीवर बोट ठेवून एखादा शब्द शोधा. खाली बारीक बटणं येतात: फ्रॉम, टू, अटॅचमेंट, डेट. 'फ्रॉम' म्हणजे कुणाकडून, 'अटॅचमेंट' म्हणजे सोबत जोडलेली फाइल, 'डेट' म्हणजे तारीख. तारखेत पासून-पर्यंत टाकता येतं. एकेक वर्ष निवडा आणि अटॅचमेंट असलेले मेल नजरेखालून घाला. २०१४ असं वर्ष घेतलं की त्या वर्षीची कागदपत्रं तेवढी समोर येतात.

नंतर शब्दाने शोधा. कार्यालयं आणि कंपन्या बहुतेक इंग्रजीत लिहितात, म्हणून इंग्रजी अक्षरांत टाका: रिसीट, इन्व्हॉइस, ऑफर, अपॉइंटमेंट, सॅलरी, पॉलिसी, अ‍ॅडमिशन, अ‍ॅग्रीमेंट. मग तेच देवनागरीत: पावती, प्रवेश, करार. दोन्ही लिपींत शोधल्याशिवाय 'मेल नाही' असं ठरवू नका.

सापडेल ते वहीत लिहा. पाच रकाने पुरेत: वर्ष, कुणाकडून, कशाबद्दल, फाइल आहे का, उतरवून घेतली का. दोन तासांत पंधरा वर्षांचा हिशेब एका पानावर येतो. प्रवेश कधी, पहिली नोकरी कधी, खातं कुठं काढलं, विमा कुठला, हे सगळं ओळीने दिसतं. विसरलेलं बँक खातं किंवा अर्ध्यावर सोडलेली पॉलिसी या कामात सापडली तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

काय ठेवायचं?

शिक्षण: सीईटीची नोंदणी, प्रवेशाची पत्रं, फीच्या पावत्या, गुणपत्रिका, शिष्यवृत्तीचे अर्ज क्रमांक. कायम ठेवा.

नोकरी: ऑफर लेटर, नेमणूक पत्र, पगारपत्रकं, राजीनामा आणि तो मंजूर झाल्याचं उत्तर, अनुभवाचा दाखला. कंत्राटी कामगारांनी तर हे जपलंच पाहिजे. ठेकेदार बदलतो, कंपनी बंद पडते, पण पीएफची नोंद दुरुस्त करताना 'मी तिथं होतो' हे दाखवायला कागद लागतो. पीएफची पूर्ण रक्कम हातात पडेपर्यंत यातलं काहीही पुसू नका.

खोली आणि भाडं: कोथरूडमध्ये भाड्याने राहणाऱ्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार आता बहुधा ऑनलाइन नोंदवला जातो आणि एजंट त्याची पीडीएफ मेल करतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. करार, डिपॉझिट दिल्याची पावती आणि खोली सोडत असल्याचा मेल, हे तीनही डिपॉझिट परत मिळेपर्यंत जपा. गावाकडचं घर किंवा गाळा भाड्याने दिला असेल तर मालक म्हणूनही जपा.

पैसा: विमा पॉलिसी, कर्जफेडीचा दाखला, आयकर विवरण भरल्याची पोच, म्युच्युअल फंडाचं स्टेटमेंट. कर्ज फिटल्याचं 'नो ड्यूज' पत्र तर कधीच पुसू नका.

वीज: महावितरणच्या गो-ग्रीन योजनेत छापील बिलाऐवजी ईमेलवर बिल घेतलं तर दर बिलामागे १० रुपये सवलत मिळते. नोंदणीसाठी बिलावर छापलेला जीजीएन क्रमांक लागतो. पण मग बिल घरी येत नाही, ईमेलच बघावा लागतो. बिल एका ईमेलवर आणि घरात वापर दुसऱ्याच, असं असेल तर मुदत टळते.

खरेदी: ट्रॅक्टरचं अवजार, मोटर, फ्रिज, मोबाईल यांचं बिल आणि वॉरंटी. वस्तू घरात आहे तोवर.

ओळखपत्रं: ई-पॅनसारख्या फाइली. या फाइलींना बहुधा पासवर्ड असतो. ई-पॅनचा पासवर्ड म्हणजे जन्मतारखेचे आठ आकडे. ई-आधारचा म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष. फाइल उतरवून झाली की मेलमध्ये पडलेल्या आधार-पॅनच्या प्रती पुसलेल्या बऱ्या. खातं चुकून दुसऱ्याच्या हाती गेलं तर पहिला दुरुपयोग त्यांचाच होतो.

काय पुसायचं आणि कसं?

पुसायचा माल ओळखणं सोपं आहे: दुकानांच्या जाहिराती, नोकरीच्या संकेतस्थळांचे रोजचे मेल, समाजमाध्यमांच्या सूचना, मुदत संपलेले ओटीपी, जुनी रेल्वे तिकिटं. जीमेलमध्ये 'प्रमोशन्स' आणि 'सोशल' हे कप्पे वेगळे असतात. सुरुवात तिथून करा.

आधी नळ बंद करा, मग पाणी उपसा. जाहिरातीच्या मेलमध्ये 'अनसबस्क्राइब' असं बटण असतं, ते दाबलं की पुढचे मेल थांबतात. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी हे बटण सोपं ठेवण्याची अट घातली आहे. मात्र मेल अनोळखी आणि संशयास्पद असेल तर आतल्या कुठल्याही दुव्यावर बोट ठेवू नका. सरळ 'रिपोर्ट स्पॅम' करा.

जागा मोकळी करायची तर मोठे मेल शोधा. शोधपट्टीत इंग्रजी अक्षरांत 'लार्जर' लिहा, लगेच कोलन म्हणजे दोन टिंबं, मग इंग्रजी आकड्यात १० आणि त्याला चिकटून 'एम' हे अक्षर. मधे कुठंही जागा सोडू नका. १० एमबीपेक्षा मोठे मेल समोर येतात. असे शंभर मेल म्हणजे १ जीबीच्या आसपास. हजारो बारक्या जाहिराती पुसूनही इतकी जागा मिळत नाही.

इथं दोन गोष्टींत गफलत होते.

एक म्हणजे 'अर्काइव्ह' आणि 'डिलीट' यातला फरक. फोनवर मेल बाजूला सरकवला की तो बहुधा अर्काइव्ह होतो. म्हणजे समोरून हलतो, पण 'ऑल मेल'मध्ये राहतो. जागा मोकळी होत नाही. उलट, चुकून सरकवलेला मेल गेला असं समजून घाबरू नका, तो तिथंच सापडेल.

दुसरं म्हणजे कचरापेटी. पुसलेला मेल 'बिन' किंवा 'ट्रॅश'मध्ये ३० दिवस राहतो, मग कायमचा जातो. तेवढे दिवस तो परत आणता येतो. म्हणून एका बैठकीत पुसा, पण कचरापेटी लगेच रिकामी करू नका. पंधरा दिवस थांबा. काही चुकून गेलं असेल तर तोवर लक्षात येतं.

एकदम शेकडो मेल निवडायचे असतील तर फोनपेक्षा संगणक सोयीचा. पण त्यासाठी नेट कॅफेत जाऊ नका. घरातल्या किंवा नात्यातल्या कुणाचा लॅपटॉप घ्या आणि काम झालं की आठवणीने साइन आऊट करा.

एक प्रत घरात

ईमेल कंपनीच्या संगणकात असतो. खातं बंद झालं की तोही गेला. म्हणून महत्त्वाच्या पंचवीस-तीस मेलची प्रत घरात हवी.

सोपी पद्धत अशी: मेल उघडा, तीन टिंबांवर बोट ठेवा, 'प्रिंट' निवडा आणि प्रिंटरच्या जागी 'सेव्ह अ‍ॅज पीडीएफ' करा. सोबत जोडलेली फाइल वेगळी उतरवा. फाइलचं नाव वर्षापासून सुरू करा, म्हणजे '२०१६ नेमणूक पत्र', '२०१९ कर्ज नो ड्यूज' असं. मग वर्षाप्रमाणे त्या आपोआप ओळीने लागतात. या फाइली पेनड्राइव्हवर ठेवा आणि अगदी गरजेच्या पाच-सहा छापून दप्तरात लावा.

सगळाच मेल हवा असेल तर गुगलची 'टेकआऊट' नावाची मोफत सोय आहे. 'गुगल अकाउंट'मध्ये 'डेटा अँड प्रायव्हसी' या भागात 'डाउनलोड युअर डेटा' निवडा, बाकीच्या खुणा काढून फक्त 'मेल' ठेवा. थोड्या वेळाने, कधी दुसऱ्या दिवशी, फाइल तयार झाल्याचा मेल येतो. तो दुवा काही दिवसच चालतो, म्हणून वायफाय असताना लवकर उतरवा. ही फाइल 'एमबॉक्स' प्रकारची असते. फोनवर ती नीट उघडत नाही. संगणकावर थंडरबर्डसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये वाचता येते.

ईमेल पुरावा म्हणून चालतो का?

चालतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० ने इलेक्ट्रॉनिक नोंदीला कायदेशीर मान्यता दिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये अशा नोंदी न्यायालयात कशा मांडायच्या ते सांगितलंय. नुसती छापील प्रत देऊन भागत नाही, सोबत ठराविक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं.

या प्रमाणपत्राचं महत्त्व देशभर ठसलं ते आपल्या जालन्याच्या प्रकरणातून. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात खटला चालला. उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही, हा वाद होता आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० च्या निकालात सांगितलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची तर प्रमाणपत्र बंधनकारक आहे. मूळ उपकरणच न्यायालयात हजर केलं तर गोष्ट वेगळी. तेव्हा जुन्या साक्ष पुरावा कायद्याचं कलम ६५ ब लागू होतं, आता त्या जागी कलम ६३ आहे.

सामान्य माणसाने यातून घ्यायचं ते एवढंच: वादाचा मेल असेल तर पीडीएफ काढलीत म्हणून मूळ मेल पुसू नका. मेल कुठून आला, कुठल्या वाटेने आला, याची माहिती मूळ मेलमध्येच असते. फॉरवर्ड केलेल्या प्रतीत किंवा स्क्रीनशॉटमध्ये ती राहत नाही. प्रमाणपत्राचं काम वकील करतील, पण मूळ मेल जागेवर ठेवणं आपल्या हातात आहे.

कुणी गुपचूप वाचत तर नाही ना?

दप्तर लावताना ही तपासणीही उरकून घ्या. भामट्याला एकदा पासवर्ड मिळाला की तो कधी कधी 'फॉरवर्डिंग' लावून ठेवतो. मग तुमचा प्रत्येक मेल त्यालाही जातो. पासवर्ड बदलला तरी हे आपोआप थांबत नाही. संगणकावर जीमेल उघडून 'सेटिंग्ज'मध्ये 'फॉरवर्डिंग' आणि 'फिल्टर्स' हे दोन भाग बघा. अनोळखी पत्ता दिसला तर काढा, पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर उशीर न करता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

आपल्यामागं कोण उघडणार?

घरातला कर्ता माणूस गेला की कपाटातलं दप्तर उघडता येतं, ईमेल नाही. विमा कुठं आहे, ठेव कुठं आहे, हे घरच्यांना कळतच नाही. यासाठी गुगलने २०१३ पासून 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' ही सोय ठेवली आहे. ३, ६, १२ किंवा १८ महिने खातं वापरलं गेलं नाही तर कुणाला कळवायचं आणि कुठली माहिती द्यायची, हे आधीच ठरवून ठेवता येतं. जास्तीत जास्त दहा माणसांची नावं देता येतात. बायको, मुलगा, मुलगी, भाऊ, जो विश्वासाचा असेल तो. गावात आई-वडील आणि मुलगा कोथरूडला किंवा परदेशात, अशा घरांनी तर हे करून ठेवावंच.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

घरात सगळ्यांचा मिळून एकच ईमेल आहे. चालेल का?
सध्या चाललं तरी पुढं अडतं. मुलांच्या प्रवेशाला, नोकरीला, पीएफला ज्याचा त्याचा ईमेल लागतो. दहावीनंतर मुलाचा किंवा मुलीचा स्वतंत्र ईमेल काढा आणि पासवर्ड दुकानदाराने नव्हे, घरच्यांनी ठेवा.

कॉलेजने किंवा कंपनीने दिलेला ईमेल आहे. त्यातलं काय?
तो ईमेल त्यांचा असतो. शिक्षण संपलं, नोकरी सुटली की बंद होतो. स्वतःची पगारपत्रकं, दाखले, नेमणुकीची पत्रं आधीच आपल्याकडं घ्या. कंपनीची गोपनीय कागदपत्रं मात्र घेऊ नका.

जागा भरली म्हणून पैसे भरून वाढवावी का?
गरज असेल तर वाढवा. पण आधी मोठे मेल आणि फोटोंचा बॅकअप तपासा. बहुतेकांचं काम १५ जीबीत भागतं.

जुन्या खात्याचा नंबरही बंद आणि पासवर्डही आठवत नाही. काय करावं?
जुना फोन घरात पडला असेल तर चार्ज करून बघा. त्यात ते खातं अजून उघडं असू शकतं. उघडलं तर आधी नवा नंबर जोडा, नंतर बाकीचं. नाहीच उघडलं तर बँक, पीएफ, विमा अशा ठिकाणी जाऊन जुना ईमेल बदलून घ्या.

एका रविवारचं काम

सकाळी चावी तपासा: नंबर, दुसरा ईमेल, बॅकअप कोड, जुने लॉगिन. दुपारी वर्षावार नजर टाकून वहीत पान तयार करा आणि महत्त्वाच्या फाइली उतरवा. संध्याकाळी जाहिराती आणि मोठे मेल पुसा. क्रम बदलू नका. आधी पुसलं आणि मग शोधलं तर हाती काही लागत नाही.

मुलगा सुट्टीला कोथरूडहून गावी आला की त्याला घेऊन बसा. त्याचा ईमेल आणि वडिलांचा ईमेल, दोन्ही एकाच दिवशी लावून होतात. वहीचं ते पान दप्तरात ठेवा, पुढच्या वर्षी त्यातच भर घालायची.